कुत्र्याचा घास

दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. डिचोली तालुक्यातल्या साखळीला दत्ताचं मोठं देऊळ आहे, आणि तिकडच्या घराघरांत ही तसबीर दिसते. पुढच्या वेळी कुणाच्या ओसरीवर ती दिसली तर त्या कुत्र्यांच्या कमरेकडे बघा. आपल्या चितारी लोकांनी ती सहसा सडपातळ काढली आहेत, पोट आत ओढलेली. चार वेदांची ती प्रतीकं, असं सांगतात. मला मात्र वाटतं की चितारणाऱ्याच्या डोळ्यासमोर गावातलंच कुत्रं असणार. दारोदार फिरून घासघास खाणारं कुत्रं असंच दिसतं.

आपल्याकडे कुत्र्याला पोटभर वाढायची रीत नव्हती, घास काढून ठेवायची होती. वैदिक घरांत वैश्वदेवाच्या बलींत कावळ्याबरोबर कुत्र्याचाही वाटा असे. आपल्या जैन घरांत वैश्वदेव नाही, पण शेवटची भाकरी कुत्र्याची हे आमच्या आजीच्या चुलीवरही ठरलेलं. ती भाकरी जाणूनबुजून लहान थापलेली असायची. कुत्र्याला ती पुरेल की नाही, हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारायची गरजही नव्हती. एका घरी घास, दुसरीकडे पेजेचं पाणी, तिसरीकडे उष्टं. गोव्यात, कोकणात त्यात मासळीचे काटे. असं गावभर मिळून एक कुत्रं पोसलं जाई. जे पिल्लू तगलं ते तगलं, उरलेली पावसाळ्यात गेली. तेव्हा जुन्या रीतीचे गोडवे फार गाऊ नयेत.

आपल्या ग्रंथांत कुत्रं आहे. जीवंधरकुमाराची कथा पाठशाळेत ऐकलेली असेल. मरणाऱ्या कुत्र्याच्या कानाशी त्याने णमोकार म्हटला आणि ते कुत्रं यक्ष होऊन पुढे त्याच्या मदतीला आलं. मला लहानपणीही प्रश्न पडायचा, की ते जिवंत होतं तेव्हा त्याला जेवायला कोण घालत होतं? याचं उत्तर कथेत नाही, पण आचारधर्मात आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि खाणंपिणं तोडणं. आपल्या आश्रयाला असलेल्या जनावराचं अन्न रोखणं याला दोषांच्या यादीत मारण्याच्याच रांगेत बसवलं आहे. जास्त खाऊ घालण्याबद्दल तिथे काही नाही. त्या काळी तो प्रसंग येतच नसेल.

आता थोडं मुंबईला जाऊ. १८३२ सालची गोष्ट. कंपनी सरकारच्या मुंबईत उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायचा नियम होता, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. त्या वर्षी मुदत वाढवून जूनच्या मध्यापर्यंत नेली. आठ आण्यांसाठी शिपाई घरांत शिरून पाळलेली कुत्रीही ओढून न्यायला लागले. ६ जूनला, पारशांच्या सणाच्या दिवशी, फोर्टात दंगल उसळली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. त्यात पारशांबरोबर हिंदू होते, आपले जैन व्यापारी होते. गोऱ्या पलटणींना दाणागोटा मिळेना, तेव्हा कुठे सरकारला कळलं की कुत्रं ही या लोकांना क्षुल्लक वस्तू वाटत नाही. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, पुढे सर झालेले जमशेटजी जीजीभाई आणि आपले शेठ मोतीशा अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. भुलेश्वरला तो आजही आहे.

याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावा. पण एकोणिसाव्या शतकात पांजरपोळ बघून गेलेल्या काही परदेशी लोकांनी टीका केली, की इथे जनावर मारत नाहीत हे खरं, पण ते नीट जगतं का हेही कुणी बघत नाही. आपले लोक या टीकेवर रागावतात. मी रागावत नाही. जीव वाचवणं एका दिवसाचं काम असतं. दुसऱ्या दिवसापासून दोन वेळचं मोजून घालावं लागतं, आणि ते काम देणगीच्या पाटीवर येत नाही. बहुतेक घरांत ते बायकांकडे असतं.

हे सगळं आठवायचं कारण डिचोलीला बहिणीकडे असलेलं मोती नावाचं पिल्लू. डिचोली, पेडणे हा भाग आपल्याला परका नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेलेल्या या नव्या काबिजादी. भाषा, देवळं, जेवण सगळं सावंतवाडीला जोडलेलं. डिचोलीजवळच्या कुडण्यात तर जुन्या जैन मंदिराचे अवशेष आहेत. गेल्या दहाबारा वर्षांत गोव्यात कुत्र्यांच्या बाबतीत मोठी गोष्ट झाली. गावोगाव जाळी घेऊन माणसं फिरली, कुत्री पकडून रेबीजची लस टोचली, अंगावर रंगाची खूण करून सोडून दिली. दर वर्षी हजारोंनी. माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू थांबत आले आणि २०२१ मध्ये राज्याला रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर केलं. मुंबईत १८३२ ला जे काम काठीने करत होते ते इथे सुईने झालं. लोकांची भीती कमी झाली तशी रस्त्यावरची पिल्लं अंगणात, अंगणातली घरात आली. आणि घरात आलेल्या पिल्लाला गावभर घास मिळत नाही. त्याचं सगळं पोट एका स्वयंपाकघरावर.

मोती अडीच महिन्यांचा होता. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी दूधभात, संध्याकाळी भाकरी, मध्ये येणाजाणाऱ्यांची बिस्किटं. पोट नगाऱ्यासारखं, आणि वर बरगड्या दिसतायत. केस राठ. अक्का म्हणाली, "अगं, एवढं खातंय तरी हाडं दिसतात, म्हणून आणखी घालते." तिची सून म्हणायची, "मावशी, तुम्हीच सांगा यांना, पोट बघा त्याचं, कमी करायला हवं." सासूने बरगड्या बघितल्या, सुनेने पोट. दोघी खरं बोलत होत्या. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "पोटात जंत आहेत. तुम्ही जंतांना जेवू घालताय." हे गोल जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लाला मिळतात, म्हणून दोन आठवड्यांचं झाल्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी औषध द्यायचं असतं, पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. औषध दिलं, पोट उतरलं. बरगड्या मात्र दिसतच राहिल्या, कारण पेज आणि दूधभातावर पिल्लू वाढत नाही.

हे माणसाला कसं कळलं, याचा इतिहास मला अस्वस्थ करतो, पण टाळता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड मेलानबी नावाच्या शास्त्रज्ञाने पिल्लांना मुद्दाम तृणधान्यांच्या लापशीवर, पावावर, थोड्या दुधावर ठेवलं, तेही घरात कोंडून. त्यांचे पाय वाकले, हाडं मऊ झाली. मुडदूस. काही पिल्लांना मग कॉड माशाचं तेल दिलं, त्यांची हाडं सुधारली. १९१९ मध्ये हे छापून आलं, १९२२ मध्ये अमेरिकेत मॅकॉलमने तेलातला तो गुण वेगळा ओळखून त्याला ड जीवनसत्त्व म्हटलं, आणि जगभरातल्या लाखो मुलांचे पाय सरळ राहिले. पाच अतिचारांतला शेवटचा अतिचार करूनच हे ज्ञान मिळालं. मी मेलानबीला माफ करायला किंवा दोष द्यायला बसलेले नाही. पण माझ्या घरातल्या पिल्लाला मी पुन्हा लापशीवरच ठेवणार असेन, तर ती पिल्लं फुकट गेली.

त्याच सुमाराला, १९२२ मध्येच, आपल्या नाशिक भागातल्या मुडदुसावर हचिसन आणि शहा यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पडद्यातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांना आणि बायकांना हा आजार, आणि अर्धपोटी पण उन्हात वावरणाऱ्यांना नाही. आपल्या आज्या-पणज्यांचं दुखणं त्यात आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहायला हवं. इथे एवढंच, की कुत्र्याला ऊनही पुरत नाही. माणसाची कातडी उन्हात ड जीवनसत्त्व बनवते, कुत्र्याची जवळजवळ बनवत नाही. त्याला ते अन्नातूनच हवं.

उपाशी ठेवण्याची कथा झाली, आता भरवण्याची. १९८७ मध्ये अमेरिकेत लॅब्राडॉरची ४८ पिल्लं घेतली, आठ आठवड्यांची, सात वेतांमधली, आणि जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला हवं तेवढं, दुसऱ्याला त्याच्यापेक्षा पाव हिस्सा कमी. तेच अन्न, फक्त मात्रा कमी. ही कुत्री मरेपर्यंत नोंदी ठेवल्या आणि २००२ मध्ये निष्कर्ष छापले. भरपूर खाणारी साधारण ११.२ वर्षं जगली, मापात खाणारी १३. सांधे दुखायलाही त्यांना उशिरा लागले. म्हणजे पिल्लू गुबगुबीत दिसावं म्हणून आपण जे वाढतो, ते त्याच्या कोवळ्या हाडांवर ओझं म्हणून बसतं. सूत्रकारांनी अतिभारारोपण लिहिलं ते बैलाच्या पाठीवरच्या पोत्यांसाठी. मी त्यात ही चरबीही धरते. पंडितांनी हवं तर हरकत घ्यावी.

मग कमी कुठे आणि जास्त कुठे, हे कळायचं कसं? वजनाचे छापील तक्ते मिळतात, पण ते जातीप्रमाणे असतात. लॅब्राडॉरचा तक्ता गावठी पिल्लाला लावला तर ते कायम उपाशी ठरेल. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेलं मुधोळ कुत्रं, २००५ मध्ये टपाल तिकिटावर आलं तेच, मुळातच असं काटक की अनोळखी माणूस त्याला बघून हळहळेल. म्हणून पशुवैद्य हाताने बघायला शिकवतात. १९९० नंतर यासाठी नऊ पायऱ्यांची मोजपट्टी रूढ झाली. एक म्हणजे हाडांचा सापळा, नऊ म्हणजे गोणपाट, चार-पाच उत्तम. पण आपल्याला आपला हात पुरे. तळहात जमिनीकडे करून हात सरळ ठेवा आणि दुसऱ्या हाताची बोटं मागच्या बाजूने, सांध्यांवरून फिरवा. हाडं लागतात, पण वर पातळ आवरण आहे. पिल्लाच्या बरगड्या अशा लागल्या पाहिजेत. मूठ वळून सांध्यांवरून फिरवा. एवढी टोचली तर पिल्लू रोडावलंय. तळहाताच्या गुबगुबीत बाजूसारखं लागलं, हाडं शोधावी लागली, तर जास्त झालंय. वरून पाहिलं तर बरगड्यांमागे कंबर दिसली पाहिजे. हे सकाळी रिकाम्या पोटी बघायचं, कारण जेवलेलं पिल्लू तसंही गोल दिसतं. केसाळ पिल्लाला नुसतं बघून काही कळत नाही, हात लावावाच लागतो.

दर आठवड्याला वजन घ्यायचं. तुम्ही काट्यावर उभ्या राहा, मग पिल्लू कडेवर घेऊन उभ्या राहा, वजाबाकी करा आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहा. आकडा केवढा यापेक्षा तो चढतोय का, हे महत्त्वाचं. दूध तुटल्यापासून मोठेपणीच्या निम्म्या वजनाला पोचेपर्यंत पिल्लाला किलोमागे मोठ्या कुत्र्याच्या जवळजवळ दुप्पट अन्नशक्ती लागते. पुढे ती हळूहळू कमी होत जाते. तरी अनेक घरांत सात-आठ महिन्यांच्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्याच्याच हिशेबाने वाढत राहतात. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहापर्यंत तीन, मग दोन वेळा. एकच वाटी ठरवा, आणि ती घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या, नाहीतर सासू, सून आणि शाळेतून आलेली पोरं प्रत्येकजण पहिलंच जेवण घालतात.

आता आपल्या घरातला अवघड प्रश्न. अंडं-मांस न शिजणाऱ्या घरात पिल्लू वाढेल का? कुत्रं मांजरासारखं केवळ मांसावर जगणारं नाही. माणसाबरोबर राहून पिष्ट पचवायची ताकद त्याच्यात लांडग्यापेक्षा खूप वाढली आहे, हे २०१३ मध्ये त्याच्या जनुकांतही सापडलं. पण पचतं म्हणजे पुरतं, असं नाही. भात, वरण, दूध यांतून वाढत्या हाडांना चुना आणि प्रथिनं योग्य प्रमाणात मिळत नाहीत, आणि नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या मनाने चारल्या तर, विशेषतः मोठ्या जातीत, हाडं उलट बिघडतात. पिल्लांसाठी म्हणून पूर्ण बनवलेलं शाकाहारी अन्न मिळतं, ते डॉक्टरांना दाखवून घ्यावं, किंवा त्यांच्याकडून मापं लिहून घेऊन घरी शिजवावं. तेही जमणार नसेल तर पिल्लू त्याचं जेवण करू शकेल अशा घरी द्यावं. माझं मत अनेकींना रुचणार नाही, पण आपलं व्रत आपण घेतलेलं असतं. पिल्लाने घेतलेलं नसतं. पर्युषणात त्याला उपास घडवणारी एक बाई मला माहीत आहे. पुण्य तिला लागलं असेल तर लागो, पण पिल्लू दिवसभर ओरडत होतं.

एका बाबतीत आपलं स्वयंपाकघर पिल्लाला सोयीचं आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात, आणि ते आपल्याकडे नाहीतच. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट मात्र डब्यात असतात, ती उंचावर ठेवा. दूध तुटलेल्या पिल्लाला फार दूध पाजू नका, पोट बिघडतं. थोडं दही किंवा ताक सोसतं.

मोतीची वही अक्काच ठेवते. डॉक्टरांनी अन्न ठरवून दिलं, वाटी ठरली, आणि पेज आता अक्का स्वतः पिते. मागच्या महिन्यात तिने फोनवर आकडा सांगितला, पाच किलो सातशे, आणि लगेच विचारलं, "बरगड्या लागतात गं अजून, हाताच्या मागच्या बाजूसारख्या. बरोबर ना?" बरोबर, म्हटलं. मागून सुनेचा आवाज आला, बिस्किटाचा डबा कपाटावर ठेवलाय म्हणून.