महाराष्ट्र फिल्म कंपनीची माणसे पुढे कोठे गेली?

व्यवसायाचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे आपण मालकाचे नाव, स्थापनेचे वर्ष आणि नफ्यातोट्याचे आकडे एवढ्यावरच बहुधा थांबतो. दुकान बंद झाले की त्याचा इतिहासही संपला, अशी आपली समजूत असते. परंतु त्या दुकानात हाताखाली राबलेली माणसे पुढे कोठे गेली आणि येथे शिकलेल्या विद्येचे त्यांनी काय केले, हा प्रश्न विचारल्यावाचून कोणत्याही धंद्याचा खरा हिशेब पुरा होत नाही. आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांचा उदरनिर्वाह लहान दुकाने, कारखाने व पेढ्या यांवर चालत आलेला आहे. म्हणून कोल्हापूरच्या एका लहान धंद्याची कथा येथे ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

बाबूराव कृष्णाजी मेस्त्री (जन्म १८९०) व नात्याने त्यांचे बंधू असलेले आनंदराव हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्यावरूनच त्यांना 'पेंटर' हे नाव पडले. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली प्रसिद्ध झाल्यावर या उभयतांना चित्रपटाचा ध्यास लागला. विलायती कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती; तेव्हा तो घरीच घडवावयाचा असा त्यांनी निश्चय केला. काम अपुरे असतानाच १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते तडीस नेले, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तानीबाई कागलकर या गायिकेने तिला द्रव्यसाहाय्य केले. १९२० साली 'सैरंध्री' पुण्यास झळकला. पुढे १९२५ साली 'सावकारी पाश' आला. कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती कहाणी होती. आमच्या राजूर-भोकरदनकडील कोरडवाहू मुलखातील वाचकांस तिचा अर्थ फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही.

या कंपनीत कामाच्या वाटण्या ठरलेल्या नव्हत्या. शांताराम वणकुद्रे नावाचा तरुण १९२० च्या सुमारास तेथे लागला. त्यापूर्वी त्याने गंधर्व नाटक मंडळीत व हुबळीच्या रेल्वे कारखान्यात दिवस काढले होते. येथे पडेल ते काम करीत तो नट झाला आणि १९२७ साली 'नेताजी पालकर'चा दिग्दर्शकही झाला. दामले यंत्रांत व छायालेखनात, तर फत्तेलाल हे नेपथ्यात व चित्रकलेत तयार झाले. केशवराव धायबर कॅमेऱ्यावर बसले. बाबूराव पेंढारकर व्यवस्थापन पाहू लागले. येथे एक गोष्ट, ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहीत असल्यामुळेच, मुद्दाम सांगितली पाहिजे. हे सर्वजण एका जातीचे नव्हते, एका धर्माचेही नव्हते. परंतु ज्याला शिकावयाचे होते त्याच्यापासून त्या कारखान्यात विद्या लपवून ठेवलेली नव्हती.

मात्र कसब वाढले तरी मालकी वाढली नाही. १ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलाची जोड घेऊन कोल्हापुरातच 'प्रभात' काढली; तेथे हे पाचही जण भागीदार होते. पुढे १९३० च्या सुमारास स्वतः बाबूरावही कंपनीबाहेर पडले. १९३१ साली बोलपट आला आणि थोड्याच काळात मूकपटांची ती कंपनी बंद झाली.

आता तिच्या माणसांचा माग घेऊ. प्रभातने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट दिला व १९३३ साली पुण्यास स्थलांतर केले. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ साली निघाला व पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. पेंढारकरांनी मास्टर विनायक व पांडुरंग नाईक यांच्यासह हंस पिक्चर्सची स्थापना केली. शांतारामांनी १९४२ साली मुंबईत राजकमल कलामंदिर उभारले. १९८५ सालचा फाळके पुरस्कार त्यांस लाभला. प्रभातमधूनही पुढे गुरुदत्त व देव आनंद यांसारखी माणसे बाहेर पडली. १९५३ साली प्रभात बंद झाली, तरी तिच्याच जागेवर १९६० साली भारत सरकारची चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली. पडदे रंगविणाऱ्यांच्या कारखान्यातील विद्या अशा रीतीने पिढ्यान् पिढ्या वाहत राहिली.

माणसे सोडून गेली म्हणजे मालकाचे नुकसान होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. चार कसबी हात एकाच वेळी उठून गेले तर कोणतीही पेढी हादरेल. परंतु या कथेचा आणखी एक भाग आहे. १९४७ साली राजकमलने 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट काढला, तेव्हा त्याच्या दिग्दर्शनासाठी बाबूराव पेंटर यांना पाचारण केले. एके काळी ज्यांच्या हाताखाली शांताराम शिकले, ते गुरू आता शिष्याच्या संस्थेत सन्मानाने काम करीत होते. बाबूराव १९५४ साली कोल्हापुरास निवर्तले. मालक-नोकर हे नाते पगारापाशी संपले. गुरुशिष्याचे मात्र संपले नाही.

यावरून आपण दोन गोष्टी घ्याव्या. पहिली ही की, हाताखालच्या होतकरू माणसास वेळीच भागीदारीचा वाटा दिला, तर कदाचित त्याला वेगळी चूल मांडावी लागणार नाही. दुसरी ही की, तो गेलाच तर त्याचे नाव वहीतून खोडू नये. अंगारकी चतुर्थीस राजुरेश्वराच्या दर्शनास गावोगावचे लोक येतात. त्यांत आपल्या जुन्या दुकानांतून शिकून गेलेली माणसेही असतील. प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या पेढीवर काम करून गेलेल्या माणसांची नावे, त्यांनी शिकलेले काम आणि पुढे धरलेली वाट यांची टिपणे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावीत. ती सांगणारे आज हयात आहेत, तोवरच हे कार्य होण्यासारखे आहे. ज्ञातिबांधव हे मनावर घेतील, अशी आशा आहे.