उंदीर पडला की...

आमच्या सातारा-सांगलीकडची वडीलधारी मंडळी ‘प्लेगच्या साली’ अशी काळाची खूण सांगत. घरात उंदीर पडला, की भांडीकुंडी उचलायची आणि माळावर झोपड्या घालून राहायचे. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकी सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी पुण्यास याच रोगाने गेल्या.

जंतू येर्सिनने १८९४ सालीच हाँगकाँगला शोधला होता. पण पिसवेच्या पोटात चिकट गोळा करून तिचा घसा तुंबवणारा हा जीव माणसाच्या उबदार अंगात शिरताच निराळाच वागू लागतो. त्याला ना मेंदू, ना डोळे. मग कळते कसे?

एक धागा १९८४ साली मिळाला, तोही प्लेगच्या नव्हे, आतड्यातल्या ई. कोलाय जंतूत. इनौये यांच्या प्रयोगशाळेत आरएनएची एक चिमुकली साखळी सापडली. जनुकाचा हुकूम लांब आरएनएवरून जातो. ही साखळी त्याला चिकटली, की तो वाचलाच जात नाही. शाळेच्या फळ्यावरील नोटिशीवर शिपायाने दुसरा कागद डकवावा, तसे! अशा कित्येक साखळ्यांची हुकमाशी गाठ एचएफक्यू नावाचे प्रथिन घालून देते. प्लेगच्या जंतूतून ते काढून टाकले, तेव्हा प्रयोगातल्या उंदरांना मारण्याची त्याची ताकद फार घटली, असे २००९ साली दिसून आले.

माळावरच्या माणसांना यातले काहीच ठाऊक नव्हते. तरी घर सोडण्याचा त्यांचा निर्णय अचूकच होता. मेलेल्या उंदराच्या भुकेल्या पिसवा मागे घरातच राहत.