खोडदची रेडिओ दुर्बीण आणि समान काळाचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे शेजारी तालुके इतिहासाच्या अभ्यासकांस शिवनेरी, नाणेघाट आणि हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव महाळुंगे पडवळ यांमुळे परिचित आहेत. याच परिसरात, नारायणगावच्या पूर्वेस खोडद येथे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप अर्थात जीएमआरटी ही दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. या ३० अँटेना एकच दुर्बीण म्हणून कार्य करतात त्या कोणत्या आधारावर, या प्रश्नाची चर्चा मात्र क्वचितच होते. तो आधार म्हणजे समान काळ. माहितीचा दर बदलत गेला तसतसे क्लॉक-संकेतांच्या एकसूत्रीकरणाचे स्वरूप कसे पालटले, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका

एका संकेताची लय पकडून दुसऱ्या आंदोलकास त्या लयीत बांधून ठेवणाऱ्या मंडलास फेज-लॉक लूप म्हणतात. फ्रेंच अभियंता आंरी द बेलसीझ यांनी १९३२ मध्ये समकालिक रेडिओग्रहणासंबंधी जे लेखन केले, त्यात या कल्पनेचे आरंभीचे रूप आढळते. रेडिओ खगोलशास्त्रात हीच अडचण निराळ्या रूपाने उभी राहिली. दूरदूरच्या अँटेनांकडे जाणाऱ्या तारांची विद्युत-लांबी तापमानानुसार बदलते आणि त्यामुळे संकेतांची फेज ढळते.

या अडचणीवरील एका महत्त्वाच्या उपायाशी जीएमआरटीचे प्रवर्तक डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांचे नाव निगडित आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना त्यांनी के. एस. यांग यांच्यासमवेत १९६१ मध्ये एक पद्धती प्रसिद्ध केली. केंद्रातून पाठविलेला संकेत अँटेनापाशी परावर्तित करून परत आणावयाचा आणि जाण्यायेण्यातील फेजबदल केंद्रातच मोजावयाचा, असे तिचे सूत्र होते. पुढे स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९६५ मध्ये कल्याण येथे ३२ लहान अँटेनांची रचना कार्यान्वित झाली. खोडद येथील दुर्बिणीस ही पार्श्वभूमी आहे.

मूळ रचना

जीएमआरटीचे ४ ऑक्टोबर २००१ रोजी राष्ट्रार्पण झाले. तिच्या १४ अँटेना मध्यवर्ती क्षेत्रात असून १६ अँटेना इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर आहेत. परस्परांतील कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. मूळ रचनेत केंद्रातून निघालेली संदर्भ-वारंवारता प्रकाशीय तंतूंद्वारे प्रत्येक अँटेनापर्यंत जात असे आणि तेथील आंदोलक तिच्याशी फेज-लॉकने बांधलेले असत. या आंदोलकांच्या साह्याने आकाशातून आलेल्या संकेताची वारंवारता बदलून तो केंद्राकडे पाठविला जाई व तेथे त्याचे नमुनाकरण होई.

नमुनाकरणाचा क्लॉक ३२ मेगाहर्ट्झचा होता, म्हणजे दोन स्पंदांमधील अवधी ३१.२५ नॅनोसेकंद. आकाशातील एकच तरंग २५ किलोमीटर अंतरावरील दोन अँटेनांवर पोहोचण्याच्या वेळांत कमाल सुमारे ८३ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सुमारे २,६६० स्पंदांचा फरक पडू शकतो. शिवाय पृथ्वीच्या परिवलनामुळे हा फरक स्थिर राहत नाही. पूर्व-पश्चिम दिशेत एवढे अंतर मानल्यास तो सेकंदास कमाल सुमारे ६ नॅनोसेकंदांनी बदलतो. म्हणजे दर पाच सेकंदांच्या सुमारास एका स्पंदाची दुरुस्ती आवश्यक ठरते. पूर्ण स्पंदांचा विलंब स्मृतिमंडलात, तर उरलेला अपूर्णांश वारंवारता-विश्लेषणानंतर फेजबदल करून भरून काढला जात असे.

बदलत्या दरांची समस्या

निरीक्षणाचा विषय बदलला की बँडविड्थ बदलते. हायड्रोजनच्या वर्णरेषेच्या सूक्ष्म अभ्यासास अरुंद पट्टी पुरते. पल्सारच्या निरीक्षणास रुंद पट्टी हवी असते. मूळ यंत्रणेत ही पट्टी १६ मेगाहर्ट्झपासून ६२.५ किलोहर्ट्झपर्यंत निवडता येत असे. १६ मेगाहर्ट्झ आठ वेळा निमपट केले की नेमके ६२.५ किलोहर्ट्झ मिळतात. एकाच मूळ क्लॉकला दोनच्या घातांनी भागून दर घटविले, तर सर्व दरांचे स्पंद परस्परांशी जुळलेले राहतात. दरांचे गुणोत्तर पूर्णांकात ठेवणे हा एकसूत्रीकरणाचा सर्वांत सोपा मार्ग होय.

संगणकांच्या आगमनाने हा मार्ग अपुरा ठरला. २०१० मध्ये जीएमआरटीच्या संगणक-समूहावर आधारित सॉफ्टवेअर प्रणालीचे वर्णन प्रसिद्ध झाले. अशा प्रणालीत नमुनाकरण समान क्लॉकवर होते, परंतु प्रत्येक संगणक स्वतःच्या क्लॉकवर चालतो. दोन असंबद्ध क्लॉकांच्या सीमेवर नेमका बदलत असलेला अंक टिपला गेल्यास मंडल काही काळ शून्य व एक यांच्या मध्येच घोटाळते, हे चेनी व मोलनार यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले होते. म्हणून अशा सीमेवर रांगेप्रमाणे चालणारी मध्यस्थ स्मृती ठेवतात. तिची स्थानदर्शक संख्या ग्रे संकेतप्रणालीत लिहिण्याची पद्धत आहे, कारण त्या प्रणालीत एका पायरीस एकच अंक बदलतो. येथे स्पंद जुळविण्याऐवजी प्रत्येक नमुन्याचा क्रम व काळ जपणे महत्त्वाचे ठरते.

उन्नत जीएमआरटी

२०१९ मध्ये पूर्णत्वास गेलेल्या उन्नतीकरणाने बँडविड्थ ४०० मेगाहर्ट्झपर्यंत नेली. त्यासाठी नमुनाकरणाचा क्लॉक ८०० मेगाहर्ट्झ, म्हणजे मूळच्या २५ पट झाला आणि स्पंदावधी १.२५ नॅनोसेकंदांवर आला. पृथ्वीच्या परिवलनाचा वेग तोच राहिला, पण पूर्वी पाच सेकंदांनी करावी लागणारी स्पंदाची दुरुस्ती आता सेकंदाच्या पाचव्या भागातच निकडीची होऊ शकते. याच उन्नतीकरणात आकाशातील संकेत मूळ वारंवारतेतच तंतूंद्वारे केंद्रात आणण्याची सोय झाली. नव्या मार्गात वारंवारता-बदलाचे काम अँटेनापाशी न होता केंद्रात होऊ लागले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, माहितीचा दर जसजसा वाढला तसतसे काळ राखण्याचे काम शेतशिवारात विखुरलेल्या मंडलांकडून केंद्रातील एका इमारतीकडे आणि तेथून स्मृती व सॉफ्टवेअरकडे सरकले. अँटेना बाहेरून पूर्वीसारख्याच दिसतात, त्यामुळे हे स्थित्यंतर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. जुनी मंडले सेवेतून गेली की त्यांच्या जुळणीमागील विचारही विस्मृतीत जाण्याचा धोका असतो. त्याच्या नोंदी जपण्याच्या कामी परिसरातील महाविद्यालयांच्या इलेक्ट्रॉनिक्स व इतिहास या दोन्ही विभागांनी एकत्र यावे. तसे झाल्यास या परिसराच्या इतिहासात लेणी व किल्ले यांच्या जोडीस काळ राखणाऱ्या मंडलांनाही त्यांचे उचित स्थान मिळेल.