किसिमुलच्या चॅपेलमधील कबर

स्कॉटलंडच्या पश्चिमेस, आउटर हेब्रिडीज द्वीपमालेच्या दक्षिण टोकाकडे बॅरा नावाचे चिमुकले बेट आहे. तेथील कॅसलबे बंदरात भर पाण्यातील एका खडकावर मॅकनील घराण्याचा किसिमुल हा किल्ला उभा आहे. देशोदेशीचे मॅकनील कुलसंमेलनासाठी बेटावर जमतात, तेव्हा होडीने या खडकावर उतरतात. किल्ल्यातील लहानशा चॅपेलमध्ये रॉबर्ट लिस्टर मॅकनील (१८८९–१९७०) यांची कबर आहे. १९२१ साली अमेरिकेत मॅकनील कुलमंडळाची स्थापना करणारे गृहस्थ ते हेच.

या कुळाचा गर्व दंतकथांत मावत नाही. नोहाच्या तारवात बसण्याचे आमंत्रण मॅकनीलने नाकारले, कारण त्याची स्वतःची होडी होती, असे तेथे आजही हसत सांगतात! बेटाची श्रद्धा मात्र दंतकथा नव्हे. धर्मसुधारणेच्या लाटेत बहुतेक स्कॉटलंड वाहून गेले, बॅरा कॅथॉलिकच राहिले. प्रथम आयर्लंडचे फ्रान्सिस्कन तेथे आले. मग १६५० च्या दशकात संत विन्सेंट डी पॉल यांनी धाडलेले फादर डर्मट डुगन या बेटांवर अपार कष्ट सोसत फिरले व १६५७ साली तेथेच निवर्तले.

परंतु कुळाचा इतिहास म्हणजे केवळ कुळाचा गौरव नव्हे. समुद्रशैवालाच्या राखेचा धंदा बुडाल्यावर कर्जात रुतलेल्या जनरल रॉडरिक मॅकनील यांनी १८३८ मध्ये बेट गमावले. पुढे ते गॉर्डन ऑफ क्लनी या जमीनदाराच्या हाती गेले आणि १८५१ साली दुष्काळाने गांजलेल्या कुळांना जहाजांत भरून, कित्येकांना बळजबरीने, क्वेबेककडे रवाना करण्यात आले. आज संमेलनाला येणाऱ्यांत देशोधडीला लागलेल्या अशा लोकांचे वंशजही असतात. ज्या घराण्याच्या हातून आपल्या पूर्वजांची भूमी निसटली, त्याच घराण्याच्या प्रमुखाच्या कबरीपाशी त्यांनी का उभे राहावे?

मला वाटते, उत्तर रॉबर्ट यांच्या आयुष्यातच आहे. परागंदा झालेल्या शाखेत, अमेरिकेत जन्मलेले ते वास्तुशिल्पी. १९१५ मध्ये त्यांना कुलप्रमुख म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा त्यांच्यापाशी ना बेट होते, ना किल्ला. म्हणून त्यांनी आधी माणसे जोडली. किल्ला १७९५ च्या आगीत जळून ओसाड पडला होता. पुढे मासेमारी होड्यांना भार म्हणून त्याचे दगडसुद्धा लोकांनी नेले. १९३७ मध्ये रॉबर्ट यांनी किल्ला व बेटाचा मोठा भाग विकत घेतला आणि दुरुस्तीला हात घातला. महायुद्धाने काम अडवले. चिकाटीने ते पुन्हा सुरू झाले व १९७० साली, त्यांच्या निधनाच्याच वर्षी, पूर्ण झाले.

त्यांचे पुत्र इयन यांनी २००० साली किल्ला सरकारी पुरातत्त्व संस्थेस हजार वर्षांच्या कराराने दिला. भाडे वर्षाला एक पौंड आणि व्हिस्कीची एक बाटली! पुढे बेटावरील जमीनही त्यांनी मोबदला न घेता स्कॉटलंडच्या सरकारकडे सोपवली, ती केव्हातरी रहिवाशांच्या हाती जावी म्हणून. किल्ल्यासमोरच्या टेकाडावर १८८८ साली बांधलेले सागरतारा मरियामातेचे चर्च आहे. त्याच्या दारात उभे राहिले की किसिमुल सबंध दिसतो.