फॉकलंड युद्ध (१९८२)

दक्षिण अटलांटिकमधली फॉकलंड बेटे १८३३पासून ब्रिटनच्या ताब्यात आहेत. अर्जेंटिना ती स्पेनकडून वारशाने आलेली ‘माल्विनास’ मानते. महागाई आणि निदर्शनांनी जेरीस आलेल्या अर्जेंटिनातल्या जनरल गाल्तिएरींच्या लष्करी राजवटीने २ एप्रिलला बेटांवर सैन्य उतरवले. त्याआधी ब्रिटनने खर्चकपातीत तिथली ‘एन्ड्युरन्स’ ही नौका काढून घेण्याचे जाहीर केले होते. लंडनला बेटांत रस उरला नाही, असा अर्थ ब्युनोस आयर्सने त्यातून काढला.

ब्रिटनने बेटे परत घेण्यासाठी ताफा पाठवला आणि १४ जूनला अर्जेंटिनाने शरणागती पत्करली. ६४९ अर्जेंटिनी, २५५ ब्रिटिश आणि ब्रिटिशांच्याच तोफमाऱ्यात ३ बेटवासी स्त्रिया, एवढे जीव गेले. त्याच आठवड्यात गाल्तिएरी पायउतार झाले. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर १९८३ची निवडणूक जिंकल्या.

ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका ‘हर्मीस’ पुढे भारताने विकत घेतली. तीच मुंबईकरांच्या ओळखीची ‘विराट’. – संपा.