७ जून १९१६ : कोलंबिया नदीकाठच्या महामार्गाचे लोकार्पण

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात कोलंबिया नदीच्या दरीतून जाणाऱ्या महामार्गाचे या दिवशी लोकार्पण झाले. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये कळ दाबली आणि नदीपासून ७३३ फूट उंच असलेल्या क्राउन पॉइंट कड्यावर झेंडा फडकला.

हा रस्ता नुसता पोहोचण्यासाठी नव्हता. अभियंता सॅम्युअल लँकेस्टर यांनी धबधबे आणि कडे नजरेसमोर ठेवून आखणी केली. चढ ५ टक्क्यांच्या आत, वळणाची त्रिज्या किमान १०० फूट. आणि डोंगराला शक्य तितका कमी धक्का. जॉर्ज शेपर्ड या दूधव्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्याने दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ रस्त्यालगतची आपली धबधब्याची जागा लोकांसाठी देऊन टाकली. ती जागा आणि क्राउन पॉइंट आज राज्याची उद्याने आहेत.

पुढे वेगवान महामार्ग आला आणि जुन्या रस्त्याचे तुकडे झाले. नदीकडे उघडणाऱ्या पाच दगडी खिडक्यांचा मिचेल पॉइंट बोगदा १९६६ मध्ये रुंदीकरणासाठी पाडला गेला. ही हानी टाळता आली असती. घाट रुंद करायला निघालेल्या आपल्या नियोजनकर्त्यांनी हा प्रसंग जरूर अभ्यासावा. ओरेगॉनने १९८७ मध्ये उरलेला रस्ता जपण्याचे ठरवले. याच रस्त्यावरचे, मोझियर गावाजवळचे दगडमातीने बुजवलेले जोडबोगदे उपसून २००० मध्ये पुन्हा खुले केले गेले. तिथे आता मोटारींना प्रवेश नाही. पायी किंवा सायकलवरून जाता येते.