मावळतीचे छायालेखन आणि सावित्रीचे खोरे

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. सावित्रीच्या पात्रातून भरतीचे पाणी महाडपर्यंत चढते, एवढाच काय तो त्यांचा सागराशी प्रत्यक्ष संबंध. तथापि, पश्चिम समुद्रात बुडणाऱ्या सूर्याचे चित्र लांब पल्ल्याच्या भिंगाने टिपण्याची जी हौस आज हरिहरेश्वरापासून गोव्यापर्यंत प्रत्येक पुळणीवर सायंकाळी दृष्टीस पडते, तिच्या आपल्याकडील पूर्वेतिहासाचा माग काढू गेल्यास वाट याच समुद्रहीन मुलखातून जाते.

मावळतीची वेळ आपल्या पूर्वजांना अपरिचित होती असे नाही. परंतु ती संध्यावंदनाची, गुरे परतण्याची आणि दिवेलागणीची वेळ होती. ठराविक कड्यावर मुद्दाम जाऊन, काहीही काम नसताना, सूर्य बुडेपर्यंत बसून राहणे हा प्रघात सह्याद्रीच्या या भागात रूढ झाला तो महाबळेश्वरच्या आरोग्यस्थानामुळे. 1824 साली पीटर लॉडविक हा लष्करी अधिकारी त्या पठारावर चढून गेला आणि 1829 मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी तहनामा करून ते ठिकाण कंपनी सरकारकडे घेतले. मुंबईहून तेथे पोहोचण्याचा एक मार्ग जलमार्गच होता. 1756 पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या बाणकोटपर्यंत समुद्रातून यावे, तेथून सावित्रीच्या खाडीने दासगाव किंवा महाड बंदर गाठावे, आणि पुढे पोलादपुरावरून पालखीने अथवा घोड्यावरून घाट चढावा, असा तो क्रम होता. ज्या वाटेने मीठ आणि सुकी मासळी देशावर जात असे आणि देशावरचा माल बंदरात उतरत असे, त्याच वाटेने साहेबाची सूर्यास्त पाहण्याची आवडही भोयांच्या खांद्यावरून वर गेली. आज सूर्यास्तासाठी गर्दी जमते त्या ‘बाँबे पॉइंट’ला हे नाव मिळाले, तेही मुंबईकडे उतरणारा जुना रस्ता त्याच्या अंगावरून जात असल्यामुळेच.

उत्तरेकडील मढीमहाल या कड्याला आर्थर मॅलेट या अधिकाऱ्याच्या नावावरून ‘आर्थर सीट’ म्हणू लागले. त्याच्या पायथ्याशी सावित्रीचे अरुंद, खोल खोरे उलगडते. 1853 साली या मॅलेटची पत्नी आणि तान्ही मुलगी सावित्रीच्याच मुखाशी नाव बुडून मृत्यू पावल्या. त्यानंतर तो त्या कड्यावर बसून नदीच्या दिशेने टक लावून पाहत राही, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेचा खरेखोटेपणा काहीही असो, ज्या नदीचे उगमस्थान आणि मुख एका नजरेच्या रेषेत आणण्याची इच्छा माणसाला व्हावी, अशी ही जागा आहे खरी.

मुंबईत 1854 साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थही या विद्येत नाव मिळवू लागले. परंतु त्या काळच्या ओल्या कोलोडियनच्या काचा जागेवरच तयार करून, ओल्या असतानाच उघडून लगोलग धुवाव्या लागत. काळोखी राहुटी, रसायने आणि काचांच्या पेट्या एवढा संभार घाटावर चढवणे हे एका माणसाचे काम नव्हते. 1876 साली पूर्ण झालेल्या फिट्झजेराल्ड घाटाने, म्हणजे आपल्या आंबेनळीने, ही अडचण पुष्कळशी दूर केली. पण दुसरी अडचण रस्त्याने सुटणारी नव्हती. त्या काचांना निळा प्रकाश दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणजे सूर्यास्ताचे जे सर्वस्व, तेच त्यांना अगोचर होते. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने 1856-57 च्या सुमारास आपल्या सागरचित्रांपैकी काहींत आकाशाची एक काच आणि पाण्याची दुसरी काच एकत्र छापून यावर मात केली होती. 1873 मध्ये जर्मनीत फोगेल याने रंगद्रव्ये मिसळून काचांची संवेदनक्षमता वाढवण्याचा मार्ग दाखवला, तेव्हा कोठे अस्तमानाचे रंग निदान कृष्णधवल छटांत उमटण्याची आशा निर्माण झाली.

तरीही सूर्य चित्रात लहानच राहिला असता. आकाशात त्याचे बिंब अवघा अर्धा अंश व्यापते. फिल्मवरील त्याची प्रतिमा भिंगाच्या नाभीय अंतराच्या सुमारे 110 व्या हिश्श्याएवढी पडते. 50 मिलिमीटरच्या साध्या भिंगाने तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका होतो. 500 मिलिमीटरच्या भिंगाने साडेचार मिलिमीटरचे ठसठशीत बिंब मिळते. पुढे बहिर्वक्र आणि मागे अंतर्वक्र भिंगांचा संच बसवून लांब नाभीय अंतर आखूड नळीत सामावण्याची युक्ती 1891 साली इंग्लंडात डॉलमायर आणि जर्मनीत मीथे यांनी स्वतंत्रपणे साधली. पुढे हवाई आणि कॅलिफोर्नियात, किनाऱ्यापासून दूर फुटणाऱ्या लाटांवर फळीवर उभे राहून घसरत येणाऱ्या सर्फरांना टिपण्यासाठी हीच भिंगे पुळणीवर तिवईवर चढली, आणि 1960 नंतर त्या खेळाच्या नियतकालिकांनी ती परंपरा जगभर नेली. महाबळेश्वरी समुद्र सुमारे 65 किलोमीटर दूर; निरभ्र सायंकाळी त्याची चकाकती रेघ दिसते, ती चित्रात आणायची तर तेथेही लांब भिंगाला पर्याय नाही.

या भिंगाचा गुण हाच त्याचा दोषही आहे. दूरचे ते जवळ आणते, पण मधले अंतर आटवून टाकते. मे महिन्यात, म्हणजे ऐन हंगामात, बाँबे पॉइंटवरून सूर्य पश्चिमेच्या किंचित उत्तरेला, नेमका पोलादपूरच्या बाजूला उतरतो. छायाचित्रात मात्र त्या मुलखाच्या एकामागे एक चिकटलेल्या निळसर पट्ट्या तेवढ्या उरतात. त्या पट्ट्यांत कवींद्र परमानंदांच्या समाधीचे पोलादपूर आहे, तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आहे, पूर्वी गलबतांनी गजबजणारे महाडचे बंदर आहे. चित्राखाली मात्र ‘सूर्यास्त, महाबळेश्वर’ एवढीच अक्षरे असतात. पुळणीवर घेतलेल्या चित्रात मध्ये केवळ पाणी असते, म्हणून तेथे हे अन्याय्य ठरत नाही. येथे दोन तालुके असतात.

म्हणून घाटमाथ्यावर तिवई रोवणाऱ्या हौशी मंडळींना एक विनंती करावीशी वाटते. चित्राखाली आपल्या भिंगाचे मिलिमीटर आणि उघडझापीचा वेग आपण आवर्जून नोंदवताच; त्याबरोबर सूर्याखालच्या रांगेचे, खोऱ्याचे आणि गावाचे नाव तेथील माणसाला विचारून लिहावे. पन्नास वर्षांनी कोणी या मुलखाचा इतिहास लिहू लागला, तर सूर्यबिंबापेक्षा ती नावेच त्याच्या अधिक उपयोगी पडतील.